पंधराव्या वर्षीं वाचलेलें पुस्तक

तरुणपणीं जिवापाड आवडलेलें पुस्तक उतारवयांत पुन्हां वाचावें कीं वाचूं नये, याविषयीं वाचणाऱ्या मंडळींत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, मुळींच वाचूं नये. त्या वेळीं डोळ्यांतून जें पाणी आलें तें पुस्तकाचें नव्हतें, वयाचें होतें. तें आतां येणार नाहीं, आणि पुस्तकाची गोडी मात्र जाईल. दुसरा पक्ष म्हणतो, जें पुस्तक दुसरें वाचन सोसत नाहीं तें पहिल्या वाचनालाही पात्र नव्हतें असें खुशाल समजावें. आम्ही आजवर पहिल्या पक्षांत होतों. यंदा वैशाखांत माहेरीं रावेरास गेलों असतां आम्हांला तो पक्ष सोडावा लागला. त्याचें कारण एक पुस्तक तर आहेच, पण पुस्तकाहूनही अधिक कांहीं आहे. आणि तें प्रत्येक नांदत्या घराच्या उपयोगाचें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

सातपुड्याच्या पायथ्याशीं, भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमचें रावेर आहे. केळीच्या बागांनीं वेढलेलें असल्यामुळें गाडींतून पाहणाऱ्यास तें मोठें थंड गांव असावें असें वाटतें. प्रत्यक्षांत वैशाखांतला खानदेशचा उन्हाळा काय असतो तें भोगल्यावांचून कळत नाहीं. आमचें जुनें घर धाब्याचें. सकाळीं नऊच्या आंत धाब्यावर बिबडे आणि कुरडया घालून व्हावयाच्या, मग दारें-खिडक्या लावून घेऊन सगळ्यांनीं मधल्या घरांत पडावयाचें, हा क्रम आमच्या आजीच्या वेळेपासून चालत आलेला. दादा, वहिनी, धाकटा भाऊ, त्याचें कुटुंब, मुलेंबाळें, आणि पंच्याऐंशी ओलांडलेली आमची काकू, अशी मंडळी आज त्या घरांत आहेत. काकांना जाऊन बरींच वर्षें झालीं.

यंदा घरांत एक प्रश्न उभा होता. दादाची मुलगी, आमची भाची, जळगांवास एका बँकेंत नोकरीला आहे. गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस तिला खोकला लागला. तो तीन आठवडे हटेना. संध्याकाळीं कणकण येई, वजन उतरूं लागलें. थुंकीची तपासणी झाली आणि क्षयाचें निदान झालें. सहा महिने औषध चाललें. तिनें एकही दिवस चुकविला नाहीं. शेवटची तपासणी स्वच्छ निघाली आणि डॉक्टरांनीं ती बरी झाल्याचें लिहून दिलें. आतां नाशिकहून एक स्थळ आलें होतें. मुलगा शिकलेला, घर चांगलें, मुलामुलीची एकदां भेटही झालेली, आणि दोघांचें मन एकमेकांवर बसलेलें दिसत होतें. प्रश्न एवढाच, कीं क्षयाची गोष्ट त्यांना सांगावयाची कीं नाहीं?

दादाचें मत, सांगूं नये. जो आजार राहिलाच नाहीं तो उकरून काढण्यांत काय अर्थ? झाकली मूठ सव्वा लाखाची. धाकट्या भावाचें मत, सांगावें, पण साखरपुडा होऊन गेल्यावर, योग्य प्रसंग पाहून. वहिनी बिचाऱ्या दोन्हीकडून मान हलवीत होत्या. आम्हीही, माहेरवाशिणीनें फार बोलूं नये म्हणून, “बघा बाई, काळ अजून तितका सुधारलेला नाहीं,” असें कांहींतरी गुळमुळीत बोललों. ही सगळी मसलत मधल्या घरांत चालली होती. जिच्याबद्दल ती चालली होती ती मुलगी त्या वेळीं धाब्यावर उन्हांत वाळलेले बिबडे डब्यांत भरीत होती. तिला खालीं बोलवावें असें आमच्यापैकीं एकासही सुचलें नाहीं.

त्याच दुपारीं झोंप येईना म्हणून आम्हीं भिंतींतलें पुस्तकांचें कपाट उघडलें, आणि हातीं आली श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’. पुठ्ठा सुटलेला, पानें पिवळीं पडलेलीं. ही कादंबरी १९६८ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यावरून नाटक आलें, पुढें २०१९ सालीं चित्रपटही निघाला. तेव्हां तिचा परिचय करून देण्याची गरज नाहीं. आमच्या घरची प्रत काकूची. १९७१ सालीं जळगांवास गेली असतां तिनें स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून ती घेतली होती. काकूनें विकत घेतलेलें तें बहुधा एकमेव पुस्तक. हेंच कां घेतलें, असा प्रश्न त्या काळीं आम्हांला पडला नव्हता.

आम्हीं ती कादंबरी प्रथम वाचली ती पंधराव्या वर्षीं, मॅट्रिकच्या आधींच्या उन्हाळ्यांत, याच मधल्या घरांत, दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडावर. आम्हां तिघी बहिणींत एकच प्रत. जिची पाळी असेल तिनें वाचावयाचें आणि बाकीच्यांनीं तिच्या तोंडाकडे पाहत बसावयाचें. आम्हांला त्या वेळीं ती एक प्रेमकथा वाटली. नवरा बायकोला शिकवितो, तिच्यासाठीं सगळ्या जातीशीं भांडतो, तिला साता समुद्रांपलीकडे पाठवितो. ती डॉक्टर होऊन परत येते आणि मरते. याहून सुंदर तें काय असावें? गोपाळरावांसारखा नवरा मिळावा म्हणून आमच्यापैकीं एकीनें तर सोळा सोमवार धरण्याची भाषा केली होती! आनंदीबाईंच्या मृत्यूवर आम्ही मनसोक्त रडलों. आज प्रामाणिकपणें सांगावयाचें तर तें रडणें मोठें सुखाचें होतें. तो मृत्यु आम्हांला त्या कथेचा शेवटचा दागिना वाटला होता.

कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. पण या कादंबरीचा कणा इतिहासाचा आहे, म्हणून त्या इतिहासाची उजळणी येथें केली पाहिजे. आनंदीबाईंचा जन्म १८६५ सालचा, माहेर कल्याणचें, माहेरचें नांव यमुना. १८७४ सालीं नवव्या वर्षीं तिचें लग्न गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें. ते पोस्टांत नोकरीस, बिजवर, वयानें सुमारें वीस वर्षांनीं मोठे. बायकोला शिकविण्याचा त्यांचा हट्ट लग्नाआधींपासूनचा. चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळत नाहीं, या दुःखांतून वैद्यक शिकण्याचा निश्चय उगवला असें सांगतात. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. पत्नीच्या शिक्षणासाठीं त्यांनीं एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलें पत्र तिकडच्या मासिकांत छापलें गेलें. न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर यांनीं तें दंतवैद्याकडे बसल्या असतां वाचलें, आणि त्या अनोळखी बाईंनीं आनंदीबाईंस मायेनें पत्र धाडलें. फेब्रुवारी १८८३ मध्यें सेरामपूर येथें भाषण करून आनंदीबाईंनीं आपला बेत लोकांसमोर मांडला. एप्रिलांत त्या कलकत्त्याहून जहाजावर चढल्या. वय अठरा, नवरा बरोबर नाहीं. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांस मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठीं ठरली. पण परत आल्या त्या क्षयानें पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें.

ही हकीकत आम्हांला तोंडपाठ होती. तरी त्या दुपारीं वाचूं लागलों तेव्हां जणूं दुसरेंच पुस्तक हातीं आलें.

पहिली गोष्ट, ज्या गोपाळरावांवर आम्ही लुब्ध झालों होतों त्यांच्या हातांत आतां आम्हांला लांकडाचा ढलपा दिसूं लागला. तो पूर्वीं दिसला नव्हता असें नाहीं. पण पंधराव्या वर्षीं आम्हीं तो ध्येयाच्या खातीं टाकून दिला होता. ही कादंबरीकारानें रचलेली गोष्ट नव्हे. दहाव्या वर्षीं लांकडाचे तुकडे मारणें, बाराव्या वर्षीं पुस्तकें आणि खुर्च्या अंगावर फेंकणें, सोडून जाण्याची धमकी देणें, या सगळ्यांची नोंद स्वतः आनंदीबाईंनीं अमेरिकेहून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत आहे. त्या पत्रांतला न्यायनिवाडा पाहण्यासारखा आहे. तुमचें वागणें चांगलें होतें कीं वाईट, याला त्या ‘दोन्ही’ असें उत्तर देतात: शेवटच्या हेतूकडे पाहिलें तर योग्य, आणि लहान मुलीच्या मनावर काय परिणाम होईल याकडे पाहिलें तर अयोग्य. विशींच्या आंतबाहेरची मुलगी इतकें तोललेलें लिहिते. आणि आम्ही साठीच्या घरांत आल्यावर तें वाचावयास शिकलों!

गोपाळरावांवर आम्हांला अन्याय करावयाचा नाहीं. ते नसते तर यमुना कल्याणच्या एखाद्या स्वयंपाकघरांत जन्मभर राहिली असती आणि तिचें नांवही कोणास कळलें नसतें. त्यांचा स्वभावच विलक्षण होता. आनंदीबाईंच्या मागें, १८९० सालीं, पुण्याच्या पंचहौद मिशनमधील तें गाजलेलें चहापान त्यांनींच घडवून आणलें आणि चहा पिणाऱ्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून रानडे-टिळकांसकट साऱ्या पुण्याला ग्रामण्यांत लोटलें. माणसांकडून कांहीं तरी घडवून घ्यावें, मग त्या माणसांचें काय होईल तें होवो, ही त्यांची जात. बायकोवरही त्यांनीं प्रेम केलें तें तिच्या ठायीं कल्पिलेल्या त्या कार्यावर. तिच्या थकव्यावर प्रेम करणें त्यांना जमलें नाहीं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पंधराव्या वर्षीं आम्हांला वाटलें होतें, कीं आजार शेवटीं येतो. नायिकेचें कार्य झालें, आतां दुःखान्त करावयाचा म्हणून तो आला. आतां वाचतांना कळलें, कीं आजार शेवटीं येत नाहीं, कितीतरी आधींपासून घरांत बसलेला आहे. कलकत्त्यास असतांनाच आनंदीबाईंस ताप, डोकेदुखी, अशक्तपणा यांनीं घेरलें होतें. मिसेस कार्पेंटर अमेरिकेहून औषधें धाडीत होत्या. ज्या मुलीला जहाजावर चढविलें ती निरोगी नव्हती. तें सर्वांना ठाऊक होतें, आणि तरीही ती चढली, कारण आतां थांबणें तिच्या हातीं राहिलें नव्हतें. पुढें फिलाडेल्फियाची कडक थंडी आणि परक्या देशांत शाकाहार सांभाळण्याची ओढाताण, हीं निमित्तें झालीं.

आणि येथेंच आमचें लक्ष समासाकडे गेलें. पुस्तकाच्या समासांत जागोजागीं पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या. पंधराव्या वर्षींही त्या आम्हीं पाहिल्या असतील, पण धोब्याच्या हिशेबाइतकेंच महत्त्व दिलें असेल. आतां सहज पाहूं लागलों तों ध्यानांत आलें, कीं सेरामपूरच्या भाषणापाशीं रेघ नाहीं, पदवीदानापाशीं नाहीं, जेथें आम्ही टाळ्या पिटल्या तेथें कोठेंच नाहीं. रेघ आहे ती तापापाशीं, डोकें दुखतें तेथें, चालतां चालतां बसावेंसें वाटतें तेथें. शेवटच्या भागांत तर पानोपानीं रेघा आहेत. आणि अखेरचीं कांहीं पानें राहिलीं असतां त्या एकाएकीं थांबतात.

पुस्तक काकूचें. रेघा काकूच्या.

वाचकहो, आमच्या घरांत एक शब्द होता: ‘हवापालट’. काकू १९५९ सालीं या घरांत सून होऊन आली, आणि १९६१ ते १९६३ अशीं दोन वर्षें ती बऱ्हाणपुरास माहेरीं ‘हवापालटासाठीं’ होती, असें आम्हीं लहानपणापासून ऐकलें होतें. रावेराहून बऱ्हाणपूर तें किती लांब, आणि तेथली हवा रावेरपेक्षां वेगळी ती काय, असा प्रश्न कोणा मुलानें विचारला नाहीं. परत आल्यावर काकूचें फुलपात्र कोनाड्यांत वेगळें असे. आम्ही सात-आठ वर्षांच्या असतां खेळून दमून आलों आणि त्याच फुलपात्रानें घटाघटा पाणी प्यालों. आजीनें आमच्या गालावर जी चपराक मारली तिचें कारण तिनें सांगितलें नाहीं, आम्हीं विचारलें नाहीं. काकू चुलीपाशीं भाकरी थापीत होती. तिनें मान वर केली नाहीं. आजी गेल्यावर तें फुलपात्र काकूनें आपल्या हातानें इतर भांड्यांच्या रांगेंत मांडलें. ती रांग आजही तशीच आहे.

संध्याकाळीं ऊन कललें तेव्हां काकू ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसली होती. आम्हीं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलें आणि एक रेघ दाखविली. तिनें चष्मा वर केला, रेघेवरून बोट फिरविलें आणि म्हणाली, “सापडलें होय तुला? मला वाटलें वाळवीनें खाल्लें.”

“काकू, हवापालट म्हणजे हेंच का गं?”

“हेंच. दुसरें काय असतें हवापालट?” काकू अगदीं सहज म्हणाली. “दीड वर्ष इंजेक्शनें. त्याबरोबर त्या पी. ए. एस.च्या गोळ्या, ढीगभर गिळायच्या, पोटांत नुसती आग. पण बरी झालें हो.”

“मग शेवटच्या पानांवर रेघा कां नाहींत?”

“तीं मीं वाचलींच नाहींत. ती वांचली नाहीं हें मला ठाऊक होतें, आणि मी वांचलें होतें. मग वाचायचें कशाला?”

थोडा वेळ झोपाळ्याच्या कड्यांचाच काय तो आवाज. मग तीच म्हणाली, “तुझे काका दर पंधरा दिवसांनीं बऱ्हाणपुरास यायचे. इंजेक्शनच्या बाटल्या आणायचे, मोसंबीं आणायचे. ओसरीवर बसून माझ्या वडिलांशीं कपाशीच्या भावाच्या गोष्टी करायचे आणि संध्याकाळच्या गाडीनें परत. माणूस वाईट नव्हता. दुसरी करून घे म्हणून सगळे मागें लागले होते, पण ऐकलें नाहीं त्यांनीं कुणाचें. तरी त्या दोन वर्षांत ‘तुला कसें वाटतें’ असें मला एकदांही विचारलें नाहीं. डॉक्टरांना विचारायचे, वडिलांना विचारायचे. हे गोपाळराव तसेच. पत्रें केवढालीं लिहायचे! पण ‘दमलीस का’ म्हणून एक ओळ? मीं फार शोधली, आणि मग रेघा मारायचें सोडून दिलें.”

आम्हीं आजवर ‘आनंदी गोपाळ’वरील पुष्कळ परीक्षणें वाचलीं आहेत, डॉ. अंजली कीर्तने यांचा १९९७ सालचा, मोठ्या परिश्रमानें सिद्ध केलेला चरित्रग्रंथही वाचला आहे. परंतु झोपाळ्यावरच्या या चार वाक्यांनीं आम्हांला जें शिकविलें तें त्या सर्वांवरचें भाष्य होय.

आतां क्षयाविषयीं थोडें बोललें पाहिजे. कारण भीति ही बहुधा जुन्या माहितीची मुलगी असते. या रोगाचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं मार्च १८८२ मध्यें बर्लिन येथें जाहीर केला. म्हणजे आनंदीबाई जहाजावर चढल्या त्याच्या अवघें एक वर्ष आधीं. शत्रु दिसला होता, पण शस्त्र नव्हतें. स्ट्रेप्टोमायसिन हें पहिलें खरें शस्त्र १९४३ सालीं हातीं आलें. तेव्हां १८८७ सालीं पुण्यांत कोणताही वैद्य, कोणताही डॉक्टर आनंदीबाईंस हमखास वांचवूं शकला असता असें नाहीं. आमच्या काकूच्या वेळीं मात्र औषध होतें. इतकेंच नव्हे, तर मद्रास येथें झालेल्या प्रयोगांतून १९५९ सालींच सिद्ध झालें होतें, कीं नीट औषध चालू असेल तर रोग्याला घरांतून दूर सॅनिटोरियममध्यें पाठविण्यानें घरच्या माणसांचा धोका कांहीं कमी होत नाहीं. घरीं राहूनही रोगी तितकाच बरा होतो. हा शोध आपल्याच देशांत लागला आणि त्यावरून साऱ्या जगानें आपली रीत बदलली. पण तो १९६१ सालीं आमच्या ओसरीपर्यंत पोहोंचला नव्हता. हा रोग हवेंतून, खोकल्यावाटे पसरतो. भांड्यांतून पसरत नाहीं. म्हणजे कोनाड्यांतल्या त्या फुलपात्रानें इतकीं वर्षें कोणाचेंही रक्षण केलें नाहीं. आज औषधांना दाद देणारा साधा क्षय सहा महिन्यांच्या नियमित औषधानें बरा होतो; तें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें; आणि औषध लागू पडलें म्हणजे पहिल्या कांहीं आठवड्यांतच रोग्यापासून इतरांस होणारा संसर्ग बहुधा थांबतो. पुढें दोन वर्षें अधूनमधून तपासणी करून घ्यावी, इतकेंच.

पण हें सारें माहीत असूनही फुलपात्र कोनाड्यांत कां राहिलें असतें, तें त्या संध्याकाळीं आम्हांला उमजलें. आजी दुष्ट नव्हती. आमच्या वडीलधाऱ्यांनीं काकूचा आजार लपविला तो तिच्यावरच्या मायेनें, घराच्या अब्रूसाठीं, पुढच्या मुलींच्या लग्नांसाठीं. पण लपविण्याचा परिणाम असा झाला, कीं काकू बरी झाल्यावर ‘तूं बरी झालीस’ असें तिला कोणी म्हणूं शकलें नाहीं. कारण ती आजारी होती हेंच मुळीं कोणी बोललें नव्हतें. ज्या आजाराला नांव नाहीं त्याला शेवटही नाहीं. म्हणून हवापालट संपला तरी फुलपात्र राहिलें. आणि दादा आज मोठ्या प्रेमानें आपल्या मुलीसाठीं तसेंच एक फुलपात्र नाशिकला धाडावयास निघाला होता.

रात्रीं धाब्यावर अंथरुणें घातलीं तेव्हां भाची आमच्या शेजारीं होती. आम्हीं तिला काकूच्या रेघा दाखविल्या. ती पुष्कळ वेळ मोबाइलच्या उजेडांत पानें उलटीत राहिली. मग म्हणाली, “आत्या, माझ्या पंधराव्या वर्षाचें पुस्तक तूं वाचशील?” जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाची २०१२ सालची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ ही ती कादंबरी, तिच्यावरून तिकडे चित्रपट निघाला, आणि २०२० सालीं ‘दिल बेचारा’ हा हिंदी चित्रपटही. कर्करोग झालेली सोळा वर्षांची मुलगी, त्याच रोगानें पाय गमावलेला मुलगा, आणि त्यांचें प्रेम, असा तिचा विषय. आम्हीं ती दोन दुपारींत संपविली. कथेंतला थट्टेखोरपणा आम्हांला थोडा परका वाटला. आमच्या पिढीला मरणाच्या दारांत विनोद करणें जड जातें. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या मुलीला सर्वांत मोठी भीति मरणाची नाहीं; आपण गेल्यानें आपल्यावर जीव लावणाऱ्यांचे हाल होतील, ही आहे. ही भीति ती बोलून दाखविते आणि तो ती ऐकून घेतो. दोघेही आपल्या आजाराविषयीं स्वतः बोलतात. त्यांच्या वतीनें मधल्या घरांत मसलत होत नाहीं.

आम्हीं भाचीला विचारलें, “तुला ह्या सहा महिन्यांत सगळ्यांत जड काय गेलें?”

ती हंसली. “पहिल्या दिवशीं लघवी केशरी झाली तेव्हां घाबरलें. पण तें औषधानें होतें असें नर्सनें सांगितलें होतें. जड तें नाहीं गेलें, आत्या. जड गेलें तें हें, कीं बँकेंत सगळ्यांना टायफॉइड सांगितला होता, आणि मला रोज आठवून खोटें बोलावें लागे.”

टायफॉइड सांगावयाची युक्ति आमच्याच दादाची. हवापालटाचा नातू तो!

दुसऱ्या दिवशीं मधल्या घरांत पुन्हां मसलत बसली. या खेपेस काकू झोपाळ्यावरून उठून आंत आली. घरांत कोणत्याही ठरावाच्या वेळीं काकू कधीं बोलल्याचें आम्हांला आठवत नाहीं. ती दादाला एवढेंच म्हणाली, “सांगायचें कीं नाहीं हें तिला विचार. आजार तिचा आहे, तुझा नाहीं.” आणि मग, जन्मांत प्रथमच, त्या घरांत सर्वांदेखत तिनें स्वतःच्या आजाराचें खरें नांव उच्चारलें. धाकट्या भावाच्या मुलांनीं आ वासला. दादा कांहीं बोलला नाहीं. वहिनी मात्र उठल्या, जिन्यापाशीं गेल्या आणि मुलीला हांक मारली.

मुलीनें दोन शब्दांत उत्तर दिलें: “मीच सांगतें.” त्याच संध्याकाळीं तिनें धाब्यावर जाऊन त्या मुलाला फोन केला. आम्ही सगळे खालीं, उगाच इकडची वस्तु तिकडे करीत. अर्ध्या तासानें ती खालीं आली. काय म्हणाला, असें विचारण्याचा धीर कोणाला होईना. शेवटीं काकूनेंच विचारलें.

“घरीं सांगून आठ दिवसांत कळवितों म्हणाला,” ती म्हणाली. “त्याच्या आईचें काय होईल तें सांगवत नाहीं, असेंही म्हणाला.”

दादानें सुस्कारा टाकला.

“पण आधीं त्यानें एक विचारलें,” ती पुढें म्हणाली. “सहा महिने तूं एकटीच खोलीवर होतीस ना, स्वयंपाक कोण करीत होतें?”

काकूनें झोपाळ्याला पायानें एक हलका झोका दिला.

हा मजकूर लिहीत असतां ते आठ दिवस संपलेले नाहींत. लग्न जुळेल कीं नाहीं हें आम्हांला ठाऊक नाहीं. जुळलें नाहीं तर दादा आम्हांला आणि काकूला दोष देईल, आणि तो आम्ही निमूट ऐकून घेऊं. पण त्या मुलीला आतां टायफॉइड आठवून बोलावें लागणार नाहीं, हें नक्की.

‘आनंदी गोपाळ’ची ती प्रत आम्हीं पुठ्ठा चिकटवून पुन्हां कपाटांत ठेविली आहे. ज्या घरीं ती असेल त्या घरच्या वडील मंडळींनीं एकवार ती काढून वाचावी, आणि वाचतांना समासाकडेही पाहावें. तेथें एखादी रेघ असेल तर ती कोणी मारली, हें त्या माणसाला तो जिवंत आहे तोंवर विचारावें. आनंदीबाईंस तें विचारणारें उशिरां भेटलें, तेंही परदेशांत: मिसेस कार्पेंटर. त्यांच्या अस्थि त्या बाईंकडे पाठविण्यांत आल्या, आणि न्यूयॉर्क राज्यांतील पोकिप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत त्या आजही विसावल्या आहेत. हें पंधराव्या वर्षीं वाचलें तेव्हां आम्हांला नवल वाटलें होतें, कीं आपल्या माणसांत न राहतां त्या इतक्या दूर कां गेल्या असाव्यात. आतां तें नवल उरलेलें नाहीं.